लांबट मण्यांची निवड : रंगाआधी वेज पाहावे

मणी विकत घेताना नजर आधी रंगावर जाते, मग चकाकीवर, आणि भाव पटला की सर पिशवीत पडतो. गोल मण्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. लांबट मण्यांच्या बाबतीत मात्र सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे मण्याचे वेज, अर्थात त्याच्या आरपार गेलेले छिद्र. हे मी फुकट शिकलेलो नाही. तांबड्या अकीकाचे, म्हणजे कार्नेलियनचे, ३० मिलिमीटर लांबीचे ढोलकी मणी (पोट फुगीर, टोके बारीक) एका दुकानातून केवळ रंगावर भाळून आणले होते आणि रेशमाच्या दोऱ्यात एकाला एक लावून गाठवले होते. तीन महिन्यांत दोरा तुटला, मणी फरशीवर पडले आणि त्यांतील दोन मधोमध भंगले. उरलेल्या मण्यांची वेजे भिंगाखाली पाहिली, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडाशी पात्यासारखी धार दिसली.

गोल मणी ज्या धारेने दोरा कापत नाही, त्याच धारेने लांबट मणी का कापतो, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. गळ्याशी बसणाऱ्या सुमारे ३८ सेंटिमीटरच्या माळेचे वर्तुळ धरले, तर त्याची त्रिज्या जवळपास ६ सेंटिमीटर येते. या वर्तुळावर ३० मिलिमीटरचे सरळ मणी ओळीने मांडले की दोन मण्यांच्या सांध्यावर दोऱ्याला सुमारे २९ अंशांचे वळण घ्यावे लागते. १२ मिलिमीटरच्या मण्यांत हेच वळण साडेअकरा अंशांच्या आसपास राहते. मणी सरळ आणि मान गोल, त्यामुळे सगळे वाकणे सांध्यांवर गोळा होते, आणि घालणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी दोरा वेजाच्या काठावर घासत राहतो. दोन लांब मण्यांमध्ये ४ मिलिमीटरचा एक गोल मणी पेरला, तर तेच वळण दोन सांध्यांत वाटले जाऊन प्रत्येक ठिकाणी सोळा-सतरा अंशांवर येते. लांबट मण्यांच्या माळेत मधूनमधून बारीक सोन्याचे, चांदीचे किंवा मोत्याचे मणी टाकण्याची रीत शोभेची आहेच, पण तिच्यामुळे दोऱ्याचे आयुष्यही वाढते.

वेज कसे पाडले जाते हे कळले की ते कसे तपासावे हे आपोआप कळते. लांब मण्याला एका बाजूने आरपार भोक पाडणे अवघड असते, कारण गिरमिट जसजसे खोल जाते तसतसे ते मध्यरेषेवरून ढळू लागते आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना दगडाचा टवका उडवते. म्हणून कारागीर दोन्ही टोकांकडून निम्मे निम्मे वेज पाडतो आणि दोन्ही वेजे मधोमध जुळवतो. गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे मणी घडवण्याची परंपरा अजून चालू आहे, तेथील अकीकाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, आणि टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेली गिरमिटे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांकडे हिऱ्याचे गिरमिट नव्हते. त्यांनी एका अत्यंत कठीण दगडाची गिरमिटे बनवली होती. सिंधमधील चन्हुदडो या सिंधू संस्कृतीच्या गावातील मण्यांच्या कारखान्यांचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून आजचे अभ्यासक त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. कराचीजवळच्या अल्लाहदिनो येथे छत्तीस लांब कार्नेलियन मण्यांचा एक कंबरपट्टा सापडला असून त्यातील काही मणी दहा सेंटिमीटरांहूनही लांब आहेत. असे मणी मेसोपोटेमियातील उरच्या राजदफनभूमीपर्यंत पोहोचले होते. तासाला काही मिलिमीटर एवढ्या गतीने पाडलेले ते वेज म्हणजे त्या मण्याची खरी किंमत होती, आणि यंत्रे आली तरी लांब मण्यात वेजाची मजुरी आजही मोठी असते. अगदी स्वस्त मिळणाऱ्या लांब मण्यात काटकसर बहुधा याच ठिकाणी झालेली असते.

दुकानात जाताना दोन वस्तू सोबत न्याव्यात: साधे दहापट भिंग आणि ०.६ मिलिमीटर जाडीच्या ताठ, सरळ तारेचा हातभर तुकडा. मणी आधी उजेडासमोर दुर्बिणीसारखा धरावा. पलीकडचा प्रकाश पूर्ण गोल दिसला तर दोन्ही वेजे नीट जुळली आहेत. तो चंद्रकोरीसारखा अर्धवट दिसला तर मधे पायरी आहे. मग तार घालून पाहावी. ती मध्यावर अडखळत असेल तर दोराही तेथेच झिजणार आणि सुई तेथेच अडकणार. त्यानंतर तारेवर मणी ठेवून बोटाने फिरवावा. वेज मध्यातून गेले असेल तर मणी स्थिर फिरतो, एका बाजूला सरकले असेल तर तो हेलकावे घेतो. असे तिरक्या वेजाचे मणी ओवले की त्यांची जड बाजू नेहमी खाली जाते आणि माळ सरळ रेषेत बसत नाही. लांबी जितकी जास्त, तितका हा दोष ठळक दिसतो. शेवटी भिंगातून वेजाचे तोंड पाहावे. तेथे शिंपल्यासारखे उडालेले टवके असतील तर भेगा आत किती गेल्या आहेत हे बाहेरून समजत नाही, म्हणून असा मणी मी सरळ बाजूला ठेवतो.

वेजाची रुंदी किती असावी, हे मणी कशात ओवायचा यावर ठरते. खड्यांच्या मण्यांत वेज सहसा ०.८ ते १ मिलिमीटर असते आणि मोत्यांत त्याहून लहान. नायलॉनचे वेष्टण असलेली ०.३८ किंवा ०.४८ मिलिमीटरची पोलादी तार यातून सहज जाते, परंतु गाठी मारायच्या असतील तर उलट अडचण येते: वेज मोठे आणि दोरा बारीक असेल तर गाठ मण्याच्या आतच शिरते. यासाठी दोरा वेजात जेमतेम मावेल इतका जाड घ्यावा, किंवा दुहेरी ओवावा. एकाच सरातील मण्यांची वेजे कमीजास्त असू शकतात, म्हणून पहिल्याच मण्यावरून निष्कर्ष काढू नये. सराच्या मधले आणि शेवटचे मणीही तपासावेत.

धार थोडीशी असेल तर ती घरी मोडता येते. हिऱ्याच्या कणांची बारीक निमुळती कानस वेजाच्या तोंडाशी टेकवून दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावी. हे काम मणी आणि कानस दोन्ही पाण्याच्या वाटीत बुडवूनच करावे. पाण्यामुळे कानस तापत नाही हा एक फायदा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अकीक, स्फटिक, जास्पर या सर्वांच्या भुकटीत सिलिका असते आणि ती श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते. खंभातच्या अकीक कामगारांमध्ये सिलिकोसिस हा आजार याच धुळीने पसरलेला आहे. घरी दोन मणी घासणाऱ्याला तितका धोका नसला, तरी कोरड्याने घासण्याचे काहीच कारण नाही.

आता आकाराकडे वळू. होरेस बेक या अभ्यासकाने १९२८ मध्ये मण्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात वेजाच्या दिशेने मोजलेली लांबी जाडीपेक्षा एक दशांशाहून अधिक भरली की मणी लांब समजला जातो. दागिना करणाऱ्याच्या दृष्टीने लांबी जाडीच्या दीडपट झाली की मणी लांबट वाटू लागतो आणि तिपटीच्या पुढे गेली की तो सांभाळावा लागतो, कारण लांब खडू जसा आखूड खडूपेक्षा लवकर मोडतो तसाच मणीही. आपल्याकडे मण्यांना धान्याफळांची नावे देण्याची सुंदर सवय आहे. बोरमाळेतला मणी बोरासारखा, पोहेहाराचा पोह्यासारखा चपटा, जवमाळेचा जवासारखा दोन्ही टोकांना निमुळता, तर जोंधळी पोतीचा जोंधळ्याएवढा बारीक. हे सोन्याचे दागिने असले, तरी खड्यांचे मणी निवडताना हीच नावे मनात ठेवली तर आकारांतील फरक पटकन ध्यानात येतो.

नळीचा मणी टोकापर्यंत सारख्या जाडीचा असल्याने दोन मणी शेजारी आले की त्यांच्या कडा एकमेकींवर आदळतात आणि वाकलेल्या बाजूला फट दिसते. त्यामुळे नळ्या गळ्यालगतच्या माळेपेक्षा लांब लोंबत्या हारात, कर्णभूषणांत किंवा उभ्या पदकात शोभतात. ढोलकी मण्याचे पोट फुगीर आणि टोके बारीक असल्याने तो वळणावर बराच सोसतो. पहिल्यांदाच लांबट मण्यांची माळ करणाऱ्याने ढोलकीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जवाच्या आकाराचे बारीक मणी, म्हणजे ६ ते ८ मिलिमीटरचे, कुठेही चालतात आणि अनेक सरांची पोत करायची तर त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. लोलकाच्या आकाराच्या मण्यात वेज बहुधा टोकाशी आडवे पाडलेले असते. तेथे दगडाची भिंत जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते, म्हणून असा लोलक तारेत अडकवताना पक्कड दगडाला लागू न देता तार बोटांनीच वाकवावी.

दगड कोणता घ्यावा, याचे उत्तर केवळ आवडीवर सोडू नये. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्‌स मापनात, म्हणजे खनिजांच्या कठिणतेच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर, क्वार्ट्झची कठिणता ७ आहे. त्याहून मऊ दगड पुसता पुसताच हळूहळू निस्तेज होतात. अकीक, जास्पर, स्फटिक आणि अॅमेथिस्ट हे सर्व क्वार्ट्झच्याच कुळातले असल्याने रोज वापरायच्या माळेसाठी निश्चिंत निवड. लाजवर्दची (लॅपिस लाझुलीची) कठिणता ५ ते ५.५, पिरोज्याची (टर्क्वॉइजची) ५ ते ६, मॅलकाइटची ४ च्या आत आणि पोवळ्यामोत्यांची त्याच्या आसपास असते. हे मणी सणावारी घालायच्या दागिन्यात घ्यावेत, आणि बांगडीत किंवा हातातल्या साखळीत तर टाळावेतच, कारण हात दिवसभर ओट्यावर, टेबलावर आपटत असतो.

परंतु कठिणता आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लांबट मण्याला चिवटपणाच अधिक लागतो. नेफ्राइट जातीचे जेड ६ ते ६.५ एवढेच कठीण, तरी त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत विणलेले असल्याने ते सहजासहजी मोडत नाही. लांब बारीक नळीसाठी त्याच्यासारखा दगड नाही. याउलट चंद्रकांत (मूनस्टोन) आणि लॅब्रॅडोराइट यांना ठरावीक पातळ्यांवर दुभंगण्याची खोड असते. कायनाइटचे उदाहरण तर लांबट मणी घेणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे. हा निळा दगड मुळातच पात्यासारखा लांब वाढतो, त्यामुळे त्याचे मणीही लांबट मिळतात आणि डोळ्यांत भरतात. मात्र त्याची कठिणता लांबीच्या दिशेने ४.५ ते ५.५ आणि आडव्या दिशेने ६.५ ते ७ अशी बदलते, शिवाय तो पापुद्र्यांनी सुटतो. कायनाइट घ्यायचाच असेल तर वेजाच्या तोंडाशी पापुद्रे सुटलेले नाहीत याची खात्री करावी आणि तो दोन मऊ गोल मण्यांच्या मधे बसवावा.

पट्टे किंवा चमक असलेल्या दगडांत त्यांची दिशाही पाहावी. व्याघ्राक्षाच्या, म्हणजे टायगर आयच्या, ढोलकी मण्यात तंतू लांबीच्या दिशेने असतील तर प्रकाशाची पट्टी मण्याच्या पोटाभोवती कड्यासारखी दिसते आणि मणी कसाही फिरला तरी ती हरवत नाही. तंतू आडवे असतील तर पट्टी मण्याच्या लांबीवर उमटते, पण मणी पाव फेरा फिरला की तंतूंची टोके समोर येतात आणि तो मंद वाटू लागतो. माळेतले मणी घालणाऱ्याच्या अंगावर फिरणारच. एका सरात दोन्ही प्रकारचे मणी मिसळलेले असतील तर सर पुन्हा दुकानदाराकडे द्यावा.

वजनाचा अंदाज घरी कागदावरच करता येतो. क्वार्ट्झची घनता २.६५ धरली तर १० मिलिमीटर जाडीची आणि ३० मिलिमीटर लांबीची नळी सुमारे सव्वासहा ग्रॅम भरते. त्याच लांबी-जाडीचा अंडाकृती मणी सव्वाचार ग्रॅमच्या आत आणि दोन्ही टोकांना शंकूसारखा निमुळता मणी दोन ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे ४० सेंटिमीटरच्या माळेत अशा तेरा नळ्या ओवल्या तर सुमारे ८० ग्रॅम, सराफी हिशेबाने आठ तोळे, एवढे ओझे मानेवर येते. हेमॅटाइटचे मणी घेतले तर ते याच्याही जवळपास दुप्पट. कानातल्यांसाठी मी फासा आणि कडी धरून एका बाजूचे वजन ६ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे; पण संध्याकाळी कान दुखले की तो दागिना डब्यात जातो आणि पुन्हा बाहेर निघत नाही.

रंगाची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. अकीक भाजून तांबडा करण्यात काहीही लबाडी नाही. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून निघणारा खडा आधी उन्हात सुकवतात आणि मग मंद आचेवर भाजतात. त्यातील लोहाच्या संयुगांतून पाणी निघून जाते, हेमॅटाइट तयार होते आणि पिवळट खडा तांबूस होतो. हा रंग कायमचा असतो. याच खड्यांचे मूळ दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावर नदीकाठी सापडणारे अकीक आणि खंभातचे अकीक हे एका कुळातले. रासायनिक रंगात बुडवलेल्या खड्याची गोष्ट निराळी. भडक गुलाबी, निळा किंवा जांभळा अकीक बहुतेक वेळा रंगवलेलाच असतो, आणि पिरोज्याच्या नावाखाली निळा रंगवलेला पांढरा हाउलाइट सर्रास विकला जातो. येथेही वेजच मदतीला येते: रंग भेगांत आणि वेजाच्या काठाशी साचून तेथे गडद रेघा दिसतात, तर आत डोकावले की कधी कधी मूळचा फिकट दगड दिसतो. शंका असल्यास एखाद्या मण्यावर अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस वेजाजवळ फिरवावा. मोती, पोवळे आणि राळ मुरवलेला पिरोजा यांच्यावर मात्र हा प्रयोग करू नये. रंगवलेले मणी घेऊच नयेत असे नाही. रंगवलेले म्हणून, त्या भावात घ्यावेत आणि घामाच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यावर घालू नयेत.

काचेचे मणी ओळखायला भिंगातून आतले गोल बुडबुडे शोधावेत. काच हातात लवकर कोमट होते, खडा बराच वेळ गार राहतो. गालाला लावून पाहिले की फरक कळतो. चेरी क्वार्ट्झ या गोड नावाने मिळणारा गुलाबी रेघांचा लांबट मणी बहुधा काचच असतो.

पुण्यात रविवार पेठ आणि मुंबईत भुलेश्वर येथे मण्यांची दुकाने ओळीने आहेत, आणि जयपूरचा माल दोन्हीकडे येतो. प्रत्यक्ष जाणे शक्य असेल तर ऑनलाइन घेऊ नये. निदान पहिली खरेदी तरी हातात धरून करावी. छायाचित्रात वेज दिसत नाही. ऑनलाइन घ्यावेच लागले तर वेजाची रुंदी, एका सराचे ग्रॅममधील वजन आणि मण्यांची संख्या लेखी विचारावी. सर ४० सेंटिमीटरचा आणि मणी १३ मिलिमीटरचा असेल तर सरात सुमारे तीस मणी हवेत; पंचवीसच असतील तर मधे भरताड मणी घातलेले आहेत किंवा सर आखूड आहे. लागतील त्याहून चार-पाच मणी जास्त घ्यावेत, कारण नैसर्गिक दगडाची तीच छटा सहा महिन्यांनी पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते.

घरी आणल्यावर सगळे मणी पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून लांबीनुसार लावून घ्यावेत. सगळ्यांत लांब मणी मधे आणि दोन्हीकडे उतरते मणी, अशी मांडणी केली की मागे मानेच्या वळणावर आखूड मणी येतात, समोर छातीवरच्या सपाट भागावर लांब मणी येतात, आणि वळणाचा जो त्रास आरंभी सांगितला तो निम्मा आपोआप संपतो. माझी तुटलेली माळ मी अशीच पुन्हा गाठवली: वेजाच्या कडा पाण्यात घासून, दोन मण्यांमध्ये चांदीचा बारीक गोल मणी पेरून आणि मोडलेल्या दोन मण्यांच्या जागी आखूड मणी मागच्या बाजूला घेऊन. रेशीम ताणले जाते, म्हणून ओवलेली माळ शेवटची गाठ मारण्यापूर्वी एक रात्र खुंटीला टांगून ठेवावी, सकाळी दोरा पुन्हा ओढून घ्यावा आणि मगच फासा बसवावा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन मणी किंचित दूर सारून सांध्यावरचा दोरा पाहावा. त्याला कापसासारखे केस सुटू लागले असतील, तर माळ तुटण्याची वाट न पाहता ती पटवेकऱ्याकडे, म्हणजे माळा ओवणाऱ्या कारागिराकडे, द्यावी किंवा स्वतः उसवून नव्या दोऱ्यात ओवावी.